जिल्ह्यात दोन साहेब कशाला? राज्याच्या आरोग्य खात्याची जुनी गोष्ट

प्रश्न असा आहे: "महाराष्ट्राचा सार्वजनिक आरोग्य विभाग नेमका कधी स्थापन झाला? आणि एकाच जिल्ह्यात सिव्हिल सर्जन आणि डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) असे दोन मोठे अधिकारी का असतात? कामाची वाटणी आहे की नुसताच घोळ?"

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे. १९८३ साली मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच महिन्यात हा प्रश्न मलाही पडला होता. पगार जिल्हा परिषदेकडून, पण पोस्टमॉर्टेम आणि कोर्टाच्या कामात विचारपूस सिव्हिलकडून. हिवतापाचा अधिकारी तिसराच, तो ना धड झेडपीचा, ना सिव्हिलचा. आमचे जुने कंपाउंडर म्हणाले, "साहेब, आपण दोन सासू असलेल्या घरात आलोय."

खात्याला स्थापनेची एक अशी तारीख नाही. १ मे १९६० ला राज्य झालं त्या दिवशी मंत्रालयात आरोग्याचं दालन होतंच. ते आधीच्या मुंबई राज्याकडून चालत आलं होतं. तिथून मागे गेलात तर वाट दोन ठिकाणी फुटते. एक वाट इस्पितळाची, दुसरी साथीची. सिव्हिल सर्जन पहिल्या वाटेवरून आला, डीएचओ दुसऱ्या. दोघांची गाठ पडली, पुन्हा सुटली, पुन्हा पडली. गेल्या दीडशे वर्षांचा खात्याचा इतिहास म्हणजे थोडक्यात ही गाठ.

इस्पितळाची वाट समजायला सोपी आहे. इंग्रजी अमलात प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एक सिव्हिल सर्जन असे, बहुतेक वेळा लष्करी पेशातून आलेला इंडियन मेडिकल सर्व्हिसचा गोरा अधिकारी. गोऱ्या साहेबांची आणि त्यांच्या कुटुंबाची प्रकृती बघणं, तुरुंग बघणं, मुडदे तपासणं आणि उरलेल्या वेळात सिव्हिल हॉस्पिटल चालवणं हे त्याचं काम. त्याच्यावर मुंबईत सर्जन जनरल. मुंबईचं जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, पुण्याचं ससून १८६७ चं. रोगी दारात येईल, त्याला बरं करून पाठवायचं, ही या वाटेची रीत. रोगी कुठल्या गावचा, त्या गावात आणखी किती जण आजारी, हे विचारायची सवय तिला कधी लागली नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही. ते तिचं कामच नव्हतं.

दुसरी वाट सुरू होते ती देवीच्या लशीपासून. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवी काढली, ती हिंदुस्थानातली पहिली. लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत ठेवत आणली होती. त्या पोरीच्या दंडावरच्या फोडातून निघालेली लस पुढे देशभर गेली. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १८५७ नंतर लष्करातले शिपाई लढाईपेक्षा कॉलरा आणि हगवणीनेच जास्त मरतात हे लंडनला कळल्यावर, १८६४ मध्ये मुंबई इलाख्यात सॅनिटरी कमिशन बसलं आणि पुढे सॅनिटरी कमिशनर हे पद आलं. जन्म-मृत्यूची आकडेवारी गोळा करायची, यात्रांमध्ये पाण्यावर आणि संडासांवर नजर ठेवायची, देवी काढणाऱ्यांची देखरेख करायची. अधिकार मात्र जवळपास शून्य. तो सल्ला द्यायचा, कलेक्टरने ऐकला तर ऐकला. मुंबई शहराने मात्र १८६५ मध्येच स्वतःचा हेल्थ ऑफिसर नेमला होता, डॉ. हेवलेट. हेच गृहस्थ पुढे इलाख्याचे सॅनिटरी कमिशनरही झाले. शहराचं आरोग्य पालिकेचं आणि खेड्यांचं सरकारचं, ही आजही तुम्हाला दिसते ती फाळणी तेव्हापासूनची आहे.

प्लेगने हे सगळं हलवलं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. लोक मुंबई सोडून पळू लागले आणि त्यांच्याबरोबर प्लेग आगगाडीने पुण्याला, कोकणात, घाटावर पोचला. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी वदंता होती. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत वाल्डेमर हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. अवघी चार कलमं. सरकारला जे आवश्यक वाटेल ते करता येईल आणि असं करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, एवढंच त्याचं सार.

पुण्यात या कायद्याचं काय झालं हे मराठी वाचकाला सांगायला नको. रँडच्या कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडत्या घेतल्या, चुलीपर्यंत बूट गेले, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्चला गेल्या. हडपसरजवळ ससाणे मळ्यावर त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांचा दवाखाना होता, तिथे सावित्रीबाई एका आजारी पोराला स्वतः घेऊन गेल्याची हकिकत सांगतात. मी नव्या एमओंच्या प्रशिक्षणात या दोन तारखा फळ्यावर एकाखाली एक लिहायचो. एकच शहर, एकच साथ, तीन-सव्वातीन महिन्यांचं अंतर. बाकी काही बोलायला लागायचं नाही.

प्लेगने खात्याला एक गोष्ट कायमची दिली, ती म्हणजे प्रयोगशाळा. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी आली, ती १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट. गावोगाव 'उंदीर पडले' की बिऱ्हाड उचलून रानात झोपड्या टाकायच्या, हे शहाणपण लोकांना खात्याआधीच होतं. खात्याने त्याला लशीची आणि फवारणीची जोड दिली.

१९१८ चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईच्या गोदीत उतरला आणि शरद ऋतूत त्याने इलाखा कापून काढला. गंमत बघा, इतकी माणसं गेली पण या साथीने खात्यात नवीन काहीच उभं केलं नाही. आली, मारलं, गेली. १९१९ च्या कायद्याने आरोग्य हा विषय प्रांतांकडे, म्हणजे निवडून आलेल्या मंत्र्यांकडे सोपवला. सॅनिटरी कमिशनरचा पुढे डायरेक्टर ऑफ पब्लिक हेल्थ झाला. सर्जन जनरल मात्र शेजारच्या ऑफिसात तसाच. दोन साहेब, दोन बजेटं, दोन आस्थापना.

हे दोन एक करा, असं ठामपणे पहिल्यांदा कोणी म्हटलं असेल तर ते भोर समितीने, १९४६ मध्ये. सर जोसेफ भोर यांच्या अहवालातला गाभा हाच की रोग बरा करणारा आणि रोग टाळणारा हे वेगळे नकोत. एका छताखाली, ठरावीक लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं. १९५२ मध्ये सामुदायिक विकास कार्यक्रम आला आणि ब्लॉकमागे एक पीएचसी निघू लागली. ठरलं होतं त्यापेक्षा फार लोकांमागे एक. मी रुजू झालो तेव्हा माझ्या केंद्राखाली लाखाच्या आसपास लोक होते. तीस हजारांमागे एक केंद्र, आदिवासी भागात वीस हजारांमागे, पाच हजारांमागे उपकेंद्र, हे निकष नंतर गावात पोचले.

आता तुमच्या प्रश्नाची गोम. राज्य झालं तेव्हा तीन घरांची भांडी एका फडताळात आली. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण मुंबई इलाख्याचे, विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडाचा, मराठवाडा निजामाचा. तिन्हींकडच्या नोकऱ्यांची नावं वेगळी, नियम वेगळे, दवाखान्यांची स्थिती तर फारच वेगळी. हे सगळं मार्गी लागतंय तोवर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. लोकांच्या हातात कारभार द्यायचा म्हणून शाळा, पाणी, आणि त्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रं झेडपीकडे गेली. त्यांचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी, तोच डीएचओ, तो सीईओच्या हाताखाली. सिव्हिल हॉस्पिटल, पुढे निघालेली ग्रामीण रुग्णालयं आणि उपजिल्हा रुग्णालयं राज्याकडेच राहिली, सिव्हिल सर्जनच्या म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकाच्या ताब्यात. भोर समितीने जी गाठ मारायला सांगितली होती, ती पंचायत राजने अगदी चांगल्या हेतूने पुन्हा सोडवली. १९७० मध्ये वैद्यकीय शिक्षण संचालनालय वेगळं झालं, म्हणजे जे. जे., ससून, नागपूरचं मेडिकल ही मोठी रुग्णालयं तिसऱ्याच दावणीला. केईएम, सायन, नायर तर मुंबई महापालिकेची. ससूनमध्ये काही झालं की लोक आरोग्यमंत्र्यांना बोल लावतात, पण ते खातं त्यांचं नव्हे. हे एकदा नीट कळलं की वर्तमानपत्रातल्या निम्म्या बातम्या वेगळ्या वाचता येतात.

हा घोळ आहे का? कागदावर नाही. प्रत्यक्षात कसं होतं ते एका उदाहरणाने सांगतो. नव्वदच्या दशकातला एक जून महिना, तालुक्याचं नाव घेत नाही. ग्रामीण रुग्णालयात हगवण-उलटीचे रुग्ण यायला लागले. पहिल्या दिवशी दोन, मग चार, मग सात. सलाइन लावलं, बरे झाले, घरी गेले. ओपीडीच्या रजिस्टरात सगळ्यांची नावं, वयं, गावं व्यवस्थित लिहिलेली. पण गावाच्या रकान्यावरून बोट फिरवायचं काम कोणाचंच नव्हतं. रुग्णालय सिव्हिलचं, गाव झेडपीचं. चौथ्या दिवशी त्या गावची नर्सबाई तालुक्याला मीटिंगला आली, सहज वॉर्डात डोकावली आणि म्हणाली, "अहो, हे सगळे आमच्या वरच्या आळीचे." वरच्या आळीची विहीर एकच. जाऊन बघितलं तर ग्रामपंचायतीत टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लिचिंग पावडरीचं, पोतं होतं, पण उघडं पडलेलं, दोन पावसाळे खाल्लेलं. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, तो उडून जातो. वीस टक्क्यांच्या खाली गेली की ती पावडर फेकून द्यायची. शिपाई मात्र रोज इमानेइतबारे बादलीत कालवून ओतत होता. ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या औषधाची, बाटली काढून नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळा रंग यायला हवा. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

चार दिवस गेले. कोणी दगावलं नाही हे नशीब. पण ते चार दिवस १८६४ पासून चालत आले होते असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

खात्याने मिळवलेलं यशही सांगतो, कारण निवृत्त माणूस बोलायला लागला की फक्त तक्रारी निघतात.

सगळ्यात मोठं यश देवीचं. माझ्या आधीच्या पिढीतले टोचणारे, ज्यांना गावात 'देवीडॉक्टर' म्हणत, ते आधी फिरकीसारख्या दात्यांच्या यंत्राने दंडावर गोल काढत. पोरं त्यांना बघून उसात पळायची. मग थिजवून वाळवलेली, उन्हात न बिघडणारी लस आली, दुतोंडी सुई आली आणि काम सोपं झालं. एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. देवीडॉक्टर, हिवतापाचा कर्मचारी, क्षयाची लस टोचणारा बीसीजीवाला, प्रत्येकाची वेगळी सायकल, वेगळी डायरी, अशी स्थिती होती. करतारसिंग समितीने १९७३ मध्ये या सगळ्यांना मिळून बहुउद्देशीय कर्मचारी करायला सांगितलं. आज उपकेंद्रावर जो एमपीडब्ल्यू दिसतो तो या विलीनीकरणाचा वारस. देवीवाल्याला हिवताप शिकवायला आम्हाला वर्षं लागली, हिवतापवाल्याला कुटुंब नियोजन आवडलं नाही ते शेवटपर्यंत.

हिवतापात मुंबई प्रांताने देशाला वाट दाखवली होती. १९४५-४६ मध्ये डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड आणि कारवारकडच्या भागात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घराच्या भिंतींवर डीडीटी फवारून गावंच्या गावं हिवतापातून सोडवली. त्यावरून १९५३ चा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला, १९५८ मध्ये त्याचं नाव 'निर्मूलन' झालं. साठच्या दशकाच्या मध्याला देशातले रुग्ण लाखाच्या घरात उतरले. आपण जिंकलो म्हणून हात आखडता घेतला. १९७६ मध्ये ते चौसष्ट लाखांवर गेले. डास औषधाला सरावले हे खरं, पण माणूसही ढिलाईला सरावला होता. रोग दिसेनासा झाला की पहिली कात्री तो दिसू न देणाऱ्यावर चालते. माझ्या नोकरीत हे मी निदान तीन रोगांच्या बाबतीत बघितलं.

नारूचं काम मी हाताने केलंय म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. मराठवाड्यात पायऱ्यांच्या बारवा खूप. बाई घागर घेऊन पायऱ्या उतरते, पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहते. तिच्या पायावर नारूचा फोड असेल तर गार पाणी लागताच तो फुटतो आणि जंताची मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा बारीकसा जलकीटक गिळतो, तो कीटक पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो, आणि वर्षभराने त्याच्या पायातून हातभर लांब दोरा डोकं बाहेर काढतो. लोक काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत काढत. घाईने ओढला आणि तुटला की पाय सुजून महिना-महिना अंथरूण. औषध नाही, लस नाही. उपाय काय? पाण्यात माणसाचा पाय जाऊ द्यायचा नाही, आणि पाणी दाट कापडातून गाळून प्यायचं. आम्ही विहिरीत सायक्लॉप्स मारायला टेमिफॉस हे औषध टाकायचो, घरोघर गाळणी वाटायचो, आणि बारवांच्या पायऱ्या बुजवून वर कठडा आणि रहाट बसवायला गावाला राजी करायचो. यातलं शेवटचं सगळ्यात कठीण. बारव म्हणजे काही नुसतं पाणी नसतं. तिथे देवळी असते, नवरी पहिल्यांदा पाणी आणते ती तिथूनच. एका गावात तीन बैठका झाल्या. शेवटी एका म्हाताऱ्या आजींनी स्वतःचा वाकडा झालेला गुडघा सगळ्यांसमोर उघडा करून दाखवला आणि पोरांना म्हणाल्या, "देव वरूनबी दिसंल." पुढच्या आठवड्यात गवंडी आला. देशातला शेवटचा नारूचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूरकडे सापडला, २००० मध्ये देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. या यशात सिव्हिल हॉस्पिटलचा काडीचाही वाटा नव्हता, काडी सोडून.

कुष्ठरोगातही असंच. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने घरोघर पाहणी, शिक्षण आणि घराजवळ उपचार अशी पद्धत रुजवली, आणि १९८१-८२ च्या सुमारास बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाला त्यांत वर्धा होता. खात्याने संस्थांकडून शिकण्याची महाराष्ट्रात जुनी चाल आहे. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला निरक्षर बायांना गावची आरोग्यसेविका केलं. १९८६ मध्ये अभय आणि राणी बंग गडचिरोलीत गेले. घरीच नवजात बाळाची काळजी घेऊन तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये जगासमोर मांडलं. आज आशा ताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन आणि ताप बघते, ती भेट तिथून आली. खात्याने हे उचललं, पण आशाला पगार दिला नाही, कामागणिक मोबदला दिला. जामखेडचं मर्म उचललं आणि खर्च गाळला, असं मी मीटिंगमध्ये एकदा बोललो होतो. पुढच्या मीटिंगला मला बोलावलं नाही.

एका गोष्टीची मात्र लाज वाटते. १९७६. आणीबाणीत राज्याच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, पण टार्गेटं होती. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांना 'केसेस' आणायच्या. १९७७ नंतर कुटुंब नियोजनाचं कुटुंब कल्याण झालं. पाटी बदलली, आणि पुरुष नसबंदी जवळजवळ संपून सगळा भार बायकांच्या पोटावरच्या टाक्यांवर आला. मी रुजू झालो तेव्हाही काही वाड्यांवर आमची जीप दिसली की पुरुष रानात निघून जायचे. सहा-सात वर्षं उलटून गेली होती. लसीकरणाला गेलो तरी आधी हात जोडून सांगावं लागे की आज फक्त पोरांना टोचायचंय. रँडची आठवण पुण्यात जशी राहिली, तशी ही खेड्यात राहिली.

आणि प्लेग? तो पुन्हा आला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यात लोक घाबरून पक्की घरं सोडून बाहेर झोपू लागले, धान्य घरातच राहिलं, उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवा फार झाल्याची तक्रार आली आणि पाठोपाठ गाठी आलेले रुग्ण. १९६६ नंतर देशात प्लेगचा पक्का रुग्ण नोंदलेला नव्हता; प्लेग बघितलेला डॉक्टर नोकरीत कोणी उरला नव्हता. आम्ही पुस्तकं काढून वाचली. उंदीर पडले का, हे विचारायचं असतं हे आम्हाला एका सत्तरीच्या शेतकऱ्याने सांगितलं. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या, बिळांमध्ये पावडर, घरोघर तपासणी. सुरतेतल्या प्लेगच्या बातम्यांनी देश हादरला तेव्हा आमच्याकडचं काम निम्म्याच्या पुढे गेलं होतं.

२००५ नंतरचं तुम्ही बघितलेलंच आहे, म्हणून भरभर सांगतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, पैसा आला, कंत्राटी माणसं आली. आज जिल्ह्यात काम करणारे कितीतरी हात कायम आस्थापनेवर नाहीत. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तीच आता महात्मा फुल्यांच्या नावाने. जानेवारी २०१४ पासून १०८ च्या ९३७ रुग्णवाहिका. ऑगस्ट २०२३ पासून खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसेही माफ. हे सगळं इस्पितळाच्या वाटेवरचं आहे हे लक्षात आलं का? आणि ती वाटही आता बदलतेय: जिल्ह्याजिल्ह्यांत नवीन सरकारी मेडिकल कॉलेजं निघतात, सिव्हिल हॉस्पिटल त्यांच्या ताब्यात जातं, आणि कित्येक ठिकाणी सिव्हिल सर्जनची खुर्ची उरते, हॉस्पिटल उरत नाही.

मार्च २०२० मध्ये पुण्यात कोविडचे पहिले रुग्ण सापडले. सरकारने कपाटातून काय काढलं? १८९७ चा तोच कायदा. मुंबईत सुरुवातीचे संशयित जिथे ठेवले ते आर्थर रोडजवळचं कस्तुरबा रुग्णालय म्हणजे गिरणी कामगारांनी दगड मारले होते तेच साथीचं रुग्णालय. मी तेव्हा निवृत्त होतो, पण जिल्ह्याच्या कंट्रोल रूममध्ये फोनवर बसायला बोलावलं होतं. खाटांचा हिशेब सिव्हिलकडे, संपर्कात आलेल्यांची यादी झेडपीकडे, शहरातला आकडा महापालिकेकडे. रात्री अकराला तिघांचे आकडे जुळवायचे. पहिले दोन आठवडे एकदाही जुळले नाहीत. मग एका तरुण कलेक्टरने तिन्ही लिपिकांना एकाच टेबलाशी बसवलं आणि तिसऱ्या दिवसापासून जुळायला लागले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावर जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हाही पहिल्यांदा लक्ष गेलं ते पाण्याकडे आणि क्लोरीनकडे, आणि तेही कुठे, तर कालपरवापर्यंत झेडपीत असलेल्या आणि नुकत्याच महापालिकेत आलेल्या गावांत.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं छोटं उत्तर: दोन साहेब आहेत कारण दोन खाती होती, आणि १९६२ मध्ये ती दोन वेगळ्या घरात गेली. एक करावीत का? मला विचाराल तर करू नयेत. डीएचओ सिव्हिलच्या हाताखाली गेला तर विहिरीकडे बघणारा उरणार नाही; वॉर्डातला रोगी ओरडतो, विहीर ओरडत नाही. पण दोघांचं रजिस्टर एक असावं, आणि गावाच्या रकान्यावरून रोज सकाळी बोट फिरवायचं काम कोणातरी एका माणसाच्या नावावर असावं. एवढं झालं तरी पुष्कळ.

अभ्यासासाठी कागद हवे असतील तर मुंबईच्या पुराभिलेखागारात सॅनिटरी कमिशनरचे वार्षिक अहवाल बघा, जिल्हा गॅझेटियर बघा. पण त्याआधी एखाद्या जुन्या खेड्यात जा. मी नोकरीच्या सुरुवातीला ज्या घरात भाड्याने राहायचो तिथे मध्यंतरी गेलो होतो. दाराच्या चौकटीवर गेरूने लिहिलेला हिवतापाच्या फवारणीचा घर नंबर अजून अर्धवट दिसतो. त्याच्या बाजूला पोलिओवाल्यांनी खडूने केलेल्या खुणा, एकावर एक. आणि फळीवर होम क्वारंटाईनचं स्टिकर, निम्मं खरवडलेलं. घरमालकांची सून त्याच गावची आशा आहे. दिवाळीला दाराला रंग द्यायचा म्हणत होती. मी तिला म्हटलं, थांब जरा, आणि मोबाईलवर फोटो काढून घेतला.